मदत हवी आहे: स्वेच्छानिवृत्तीआधी सेवापुस्तकातली दुरुस्ती

निफाड तालुका, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका. नेमणूक १९९९ ची, म्हणजे जुनी पेन्शन. स्वरयंत्रावर गाठी, रक्तदाब, झोप उडालेली. वर ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा आहेच.

२० वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली आहे, तेव्हा स्वेच्छानिवृत्तीची तीन महिन्यांची नोटीस देता येते. रुग्णता निवृत्तिवेतनाला, म्हणजे आजारपणामुळे नोकरी सोडावी लागल्यास मिळणाऱ्या पेन्शनला, वैद्यकीय मंडळाचा कायमच्या अक्षमतेचा दाखला लागतो. बसलेल्या आवाजावर तो मिळणं अवघडच.

खरी गोम सेवापुस्तकात आहे. २०११ मधली ४७ दिवसांची असाधारण (बिनपगारी) रजा ‘वैद्यकीय प्रमाणपत्रावर’ अशी नोंदलेलीच नाही, त्यामुळे ते दिवस पेन्शनच्या सेवेतून कापले जातील. प्रमाणपत्राची झेरॉक्स आहे. ही दुरुस्ती गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून आधी करून घ्यावी, की नोटिशीसोबतच प्रस्ताव द्यावा? नोटिशीच्या काळात परिवर्तित रजा (अर्धपगारी रजेच्या बदल्यात मिळणारी पूर्ण पगाराची आजारपणाची रजा) मंजूर करतात का? नाशिकमध्ये नुकतंच कुणी केलं असेल तर कागदांचा क्रम सांगा.