गडचिरोलीचा पुरावा सातपुड्यात चालेल का?

प्रश्न (शहादा)
नवजात बालकांसाठी आलेला थोडासा निधी कशावर खर्च करावा, हे आमच्या समितीला ठरवायचे आहे. बहुतेकांचा कल उपकेंद्रांना बेबी वॉर्मर, म्हणजे बाळाला ऊब देणारे विजेवरचे यंत्र, घेण्याकडे आहे. मी आशाताईंच्या गृहभेटींचा आग्रह धरला आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीतील ‘सर्च’ संस्थेचा १९९९ साली ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास पुढे केला. त्यावर ‘ते गडचिरोली, हा सातपुडा’ एवढेच उत्तर मिळाले. हा आक्षेप कितपत ग्राह्य मानावा?

उत्तर (धुळे)
भाऊ, मी जनआरोग्य शिकवतो. आक्षेप चुकीचा नाही, पण खरी अडचण जिल्ह्याच्या नावात नाही. त्या अभ्यासात ३९ गावांत सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेने ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. मात्र तिथे गावातलीच प्रशिक्षित कार्यकर्ती जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन स्वतः देत असे. २०११ मध्ये आशांमार्फत देशभर सुरू झालेल्या कार्यक्रमात गृहभेटी आल्या, ते इंजेक्शन आशांच्या हाती आले नाही. त्यामुळे ६२ चा आकडा आपल्या प्रस्तावाला चिकटवला असेल, तर तो आधी आपणच मागे घ्यावा.

उत्तर (धडगाव)
दादा, मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा आणि घरच्या बाळंतपणानंतर सात भेटी ४२व्या दिवसापर्यंत ठरलेल्या असतात. परंतु पावसाळ्यात नाल्याला पूर आला की पलीकडच्या पाड्यांवरच्या पहिल्या आठवड्यातल्याच भेटी चुकत, आणि बाळ दगावण्याचा धोका त्याच आठवड्यात सर्वांत जास्त. तिसऱ्या दिवसाची भेट किती बाळांना मिळाली, हे नोंदवहीतून पाड्यानुसार आणि पावसाळ्याचे महिने वेगळे काढून मोजावे. लंडनच्या नियतकालिकाइतकाच हाही पुरावाच आहे.

उत्तर (जळगाव)
हाच निकष वॉर्मरलाही लावावा. उपकेंद्रात वीज किती तास असते आणि बाळंतपणे किती होतात, हे विचारल्याशिवाय यंत्र घेऊ नये. आईच्या उघड्या छातीशी बाळ धरण्याच्या कांगारू पद्धतीला मात्र वीज लागत नाही. जन्मताच ती सुरू केल्यास १.८ किलोंहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटल्याचे भारतासह पाच देशांतील चाचणीत २०२१ मध्ये दिसले. अर्थात ती मोठ्या रुग्णालयांत झाली होती, तेव्हा धुळ्याच्या सरांची अट तिलाही लागू आहे.

प्रश्नकर्ता (शहादा)
६२ टक्क्यांचे मी सांगितले होते. पुढच्या बैठकीत दुरुस्त करतो. ताईंनी सुचवलेली मोजणी दोन वर्षांच्या नोंदवह्यांवरून सुरू करत आहे.