वसंत आबाजी डहाके वाचायचे तर सुरुवात कुठून करू?

धंतोलीचा वाचक:
नमस्कार मंडळी, नोकरी सांभाळून एमए मराठी करून राहिलो. कवी डहाके सरांचं 'योगभ्रष्ट' लायब्ररीतून आणलं, थोडं वाचलं अन् अडकलो. भीती, शहर, हिंसा सगळं अंगावर येतं पण धागा हाती लागत नाही. मित्र म्हणतो २००९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या 'चित्रलिपी' कवितासंग्रहाला मिळाला, सरळ तेच घे. तुम्ही काय म्हणता, १९७२ च्या 'योगभ्रष्ट'पासून क्रमानं जाऊ की नको?

महालची मीना:
भाऊ, 'चित्रलिपी' घे, क्रमाबिमाच्या भानगडीत पडू नको. डहाके चित्रंही काढतात ना, मला तर त्यांच्या कवितेतही आधी काहीतरी दिसतं अन् अर्थ मागून येतो, कधी कधी दोन दिवसांनी भाजी निवडताना येतो. प्रत्येक ओळीखाली पेन्सिलीनं अर्थ लिहायला बसलास तर कविता हातची जाईल.

बर्डीकर काका:
मी उलटं सांगतो. 'योगभ्रष्ट' सोडू नका. ती दीर्घकविता आहे, सुट्या कवितांसारखी रोज एकेक पान वाचली तर काहीच कळणार नाही, एका बैठकीत अन् मोठ्यानं वाचा, घरचे काय म्हणतील ते म्हणू द्या. मी गच्चीवर वाचली होती, कुठं दम लागतो कुठं आवाज आपोआप खाली येतो ते कळलं की निम्मं काम झालं. साठच्या दशकात 'सत्यकथा' मासिकात आली तेव्हा तरुण पोरं हादरली होती, अन् आजही पेपर उघडला की तीच भीती समोर दिसते, म्हणून म्हणतो आधी तीच. 'शुभवर्तमान' अन् 'शुनःशेप' हे संग्रह मग घ्या, घाई नाही.

वरुडची पोरगी:
दोघांचंही पटलं, पण गद्य कसं विसरलात राजे हो? 'अधोलोक' कादंबरी वाचा, कवितेतलं जग तिथं माणसांसकट भेटतं. आणि प्रभा गणोरकरांचा 'व्यतीत' कवितासंग्रह सोबत ठेवा. त्या अन् डहाके नवरा-बायको, दोघंही कवी, पण आवाज एकदम वेगळे. परीक्षेसाठी 'संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश' लागेलच, त्याच्या संपादकांतही दोघं आहेत. २०१२ ला चंद्रपूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डहाकेच होते, आपल्या विदर्भातच संमेलन अन् आपलाच कवी, केवढा आनंद झाला होता.

धंतोलीचा वाचक:
काका, रविवारी 'योगभ्रष्ट' मोठ्यानं वाचतो. 'चित्रलिपी' कुठं मिळेल?

महालची मीना:
झांशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघात विचारून बघ, नाहीतर माझी प्रत घेऊन जा, फक्त पानं दुमडू नको.