दांडिया बाजारवाले ग्रुप (बडोदा) : शनिवारचा पिक्चर आणि अण्णांचा झोपाळा

सोनू: काल रात्री गच्चीवर द मंकी बघून नीट कोण कोण झोपलं ते आधी सांगा. मी दोन वाजता पाणी प्यायला उठलो आणि बैठकीतनं जावं लागेल म्हणून तसाच परत झोपलो, घसा कोरडा पडलेला असताना

मोठी काकू: मी मधूनच उठून गेले ते कोणाला दिसलं तरी का? त्या जपानी हॉटेलातल्या सीनला. आचारी सुऱ्या फिरवतोय आणि पुढच्या क्षणाला त्या मुलांना सांभाळणाऱ्या मुलीचं मुंडकं खाली. आणि तुम्ही सगळे खदाखदा हसताय. खरं सांगते, पिक्चरपेक्षा मला तुमचं हसणं जास्त लागलं

विकीदादा: काकू हसलो हे खरंय, पण ठरवून नाही हसलो गं, ते तोंडातनं निघूनच जातं. पहिल्याच सीनला तो पायलट बाप ते चावीचं माकड, ढोल वाजवलं की कोणीतरी मरतंच ते, परत करायला दुकानात येतो आणि दुकानदार घ्यायला तयार नाही, तेवढ्यात माकड ढोल वाजवतं आणि भिंतीवरची ती भाल्याची बंदूक सुटते. मी एका हातानं डोळे झाकले होते आणि पोट हसून दुखत होतं, दोन्ही एकाच वेळी, असं मला आजवर कुठल्याच पिक्चरला झालेलं नाही

छोटू: मला का नाही बघू दिला???

आई: कारण अठरा वर्षांच्या वरच्यांसाठी आहे. विषय संपला. आणि गच्चीवर पडदा लावलात तर खुर्च्या तरी खाली आणून ठेवा, सकाळपासनं दव पडून ओल्या झाल्यायत

पिंकीताई (पुणे): अरे तुम्ही द मंकी बघितलात? मला सांगायचं तरी, मी व्हिडिओ कॉलवर बसले असते. मी इकडे दोनदा बघितलाय आणि त्यावर खूप वाचलंय म्हणून लिहिते, लांब होईल. मूळ गोष्ट स्टीफन किंगची, १९८० ची. गोष्टीतलं माकड झांजा वाजवतं. तशी चावीची माकडं खरंच असायची, जपानची एक कंपनी ती बनवायची, पट्ट्यापट्ट्यांची विजार आणि डोळे बाहेर आलेले. पिक्चरमधे झांजांच्या जागी ढोल आला कारण झांजवालं माकड टॉय स्टोरीच्या तिसऱ्या भागात होतं आणि त्याचे हक्क डिस्नेकडे, असं दिग्दर्शकानंच सांगितलंय. मला तर वाटतं बरंच झालं, ढोलाची काठी वर जाऊन थांबते तो जो एक क्षण आहे ना, तो झांजांत मिळालाच नसता

सोनू: हो ताई!! ती काठी गोल फिरून वर थांबते तेव्हा आमच्या गच्चीवर एकदम चिडीचूप. खालच्या गल्लीत कोणीतरी स्कूटर स्टार्ट केली तर बेबी आत्या किंचाळली

मोठी काकू: पण मला हे सांग पिंकी, माणसं अशी मारायची आणि वर लोकांना हसवायचं, हे सुचतं कसं माणसाला? घरात कोणी गेलेलंच नसेल त्याच्या

पिंकीताई (पुणे): काकू तेच तर सांगायचंय. दिग्दर्शक ऑसगुड पर्किन्स. त्याचे वडील म्हणजे सायको मधला तो मोटेलवाला, अँथनी पर्किन्स. १९९२ साली एड्सनं गेले, आजार बाहेरच्यांपासून लपवून ठेवलेला होता. आणि आई बेरी बेरेन्सन, ती ११ सप्टेंबर २००१ ला विमानात होती, न्यूयॉर्कच्या टॉवरवर जे पहिलं आदळलं त्याच विमानात. म्हणजे दोघंही अशा प्रकारे गेले की जगभर बातमी झाली. तो स्वतः मुलाखतींत सांगतो की असं माझ्याच घरात का झालं हे विचारण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता वय झाल्यावर कळतंय की हे सगळ्यांचंच होतं. म्हणून पिक्चरमधल्या आईच्या तोंडी ते वाक्य आहे, अंत्ययात्रेनंतर मुलांना सांगते ते, की सगळे मरतात, कोणी झोपेत शांतपणे आणि कोणी भयंकर रीतीनं, आणि मग त्यांना नाचायला घेऊन जाते. मी तिथे रडले होते

मोठी काकू: हे माहीत नव्हतं बाई. आई विमानात. अरे देवा

विकीदादा: काकू आणि तू स्वतः आठव ना, ऑगस्ट २०२४ चा पूर. विश्वामित्री चढली होती आणि तू आमच्याकडे समाला अडकली होतीस. लाइट नाही, पहिल्या जिन्यापर्यंत पाणी, सगळ्यांची फाटलेली, आणि खाली पार्किंगमधे मगर आलीय म्हणून वॉचमन वर ओरडत आला. तेव्हा तूच म्हणालीस, तिला विचार मेंटेनन्स भरलाय का. आख्खा मजला हसला होता, ज्यांची गाडी बुडाली ते पण. त्या दोन दिवसांत कोणी पहिल्यांदा हसलं असेल तर तुझ्यामुळे

मोठी काकू: ते वेगळं रे. तेव्हा भीतीच इतकी होती की काहीतरी बोलावंच लागलं

विकीदादा: तेच म्हणतोय मी काकू

डॉक्टर काका: आत्ता वेळ मिळाला, सगळं वाचलं. आमच्या वेळी झपाटलेला होता, १९९३, महेश कोठारेंचा. तात्या विंचू. रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि आवाज दिलीप प्रभावळकरांचा. बेबीनं कॅसेट आणली होती भाड्याची आणि लक्ष्याला बघून हसत हसत संपवली, पण नंतर महिनाभर तिनं तिची बाहुली कपाटात कुलूप लावून ठेवली होती. हसू आणि भीती एकाच ताटात, हे आपल्या घरात नवीन नाही

छोटू: काका खरंच शापित वस्तू असते का? आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणतो कमाटीबागेच्या म्युझियममधली ममी शापित आहे, तिच्याकडे सलग बघितलं तर ताप येतो

डॉक्टर काका: छोटू, त्या ममीकडे मी लहानपणी प्रत्येक सुट्टीत बघायचो, आधी तो देवमाशाचा सांगाडा आणि मग ममी, आणि मला ताप कधी आला असेल तर बाहेरचा बर्फाचा गोळा खाऊन. शापाची गोष्ट पसरली ती तुतनखामेनच्या थडग्यामुळे. १९२२ च्या नोव्हेंबरमधे ते सापडलं, त्या कामाला पैसा पुरवणारे लॉर्ड कार्नार्व्हन एप्रिल १९२३ मधे कैरोला वारले आणि सगळ्या पेपरांनी शाप शाप केलं. खरं कारण काय, गालाला डास चावला, दाढी करताना वस्तरा त्यावरून फिरला, जखम चिघळली, रक्तात विष पसरलं, त्यात न्यूमोनिया. पेनिसिलिन तेव्हा कुठे होतं. आणि ज्यानं स्वतःच्या हातानं ते थडगं उघडलं, वर्षानुवर्षं आत बसून काम केलं, तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत जगला. शाप असता तर पहिला नंबर त्याचा

छोटू: ओके मग उद्या वर्गात सांगतो

बेबी आत्या: सगळं वाचतेय सकाळपासून. लिहू की नको करत होते. काल पिक्चर संपल्यावर मी खाली आले तेव्हा बैठकीत अण्णांचा झोपाळा हलत होता. वारा असेल, खिडकी उघडीच होती, मला कळतं. पण आई म्हणायची रिकामा झोपाळा हलवू नये. मला वाटतं आता तो विकून टाकावा. विकीच्या ओळखीचा तो जुन्या फर्निचरवाला आहे त्याला विचारा

विकीदादा: आत्या अगं असं एकदम?

आई: बेबीताई पिक्चर बघून असं काही ठरवू नका हो. संखेड्याचा झोपाळा आहे, तसं लाखेचं काम आता कोण करून देतंय

बेबी आत्या: वहिनी, पिक्चरमुळे नाही. चार वर्षं डोक्यात आहे. काल त्यात तो धाकटा भाऊ मोठ्याचा राग आला म्हणून चावी फिरवतो आणि माकड भावाला सोडून आईलाच नेतं, तिथे तुम्ही सगळे गप्प होतात आणि मला समोरचं दिसेना. अण्णांच्या पंचाहत्तरीला तो झोपाळा मी आणला. संखेड्याला स्वतः जाऊन, पसंत करून, टेम्पोत पुढे बसून. ते म्हणत होते मला नको, मी खुर्चीवर बरा आहे, मीच हट्ट केला. अकराव्या महिन्यात त्याच झोपाळ्यावर चहाचा कप हातात आणि गेले. पाटावर उजव्या बाजूला कपाचा गोल डाग आहे पांढरा, लाख उडालेली, तेवढाच. तो डाग बघितला की मला वाटतं चावी मी फिरवली

सोनू: आत्या

मोठी काकू: बेबी, असं काय लिहितेस गं. चार वर्षं एकटीनं हे मनात ठेवलंस? आम्हाला वाटायचं चादर बांधून ठेवलीय ती धूळ बसू नये म्हणून

पिंकीताई (पुणे): आत्या फोन उचल ना माझा

डॉक्टर काका: बेबी, मी फोनवरच सांगणार होतो पण तू उचलत नाहीयेस आणि हे सगळ्यांनाच कळायला हवं, म्हणून इथे लिहितो. अण्णांची अँजिओग्राफी तू झोपाळा आणायच्या दोन वर्षं आधी झाली होती. तीन ब्लॉकेज. एक नव्वद टक्के. मी हात जोडले की बायपास करून घेऊ, ते म्हणाले सत्तरी ओलांडली, आता कापाकापी नको, गोळ्यांवर चालवू. आणि मला शपथ घातली की बेबीला सांगायचं नाही, ती नोकरी सोडून येऊन बसेल. गोळ्या पण मनाला येईल तेव्हा घ्यायचे, मी दर रविवारी पाकिटं मोजायचो आणि भांडायचो. ते कुठेही जाऊ शकले असते, मांडवीत भाजी घेताना, बाथरूममधे, रस्त्यावर एकटे. मी डॉक्टर म्हणून सांगतो आणि भाऊ म्हणून पण, माझ्याच मनात इतकी वर्षं आहे की मी ती शपथ मोडून तुला सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं

बेबी आत्या: बंड्या दोन वर्षं आधी?

डॉक्टर काका: हो. फाइल माझ्याकडे आहे, तारखेसकट. दाखवतो

आई: आणि मी एक सांगू का बेबीताई, घरात मी होते म्हणून. ते झोपाळ्यावर दुसऱ्या कोणाला बसू द्यायचे नाहीत. संध्याकाळी पाचला पंचा घेऊन पितळी कड्या स्वतः पुसायचे, लिंबू लावून. येईल त्याला सांगायचे, लेकीनं आणलाय. दूधवाल्याला सुद्धा सांगून झालं होतं. त्या दिवशी पण चहा देताना मी विचारलं बिस्कीट देऊ का, तर नको म्हणाले आणि पायानं हलकासा झोका घेतला. मी आत वळले तेवढंच. त्रास असा काही झालाच नाही त्यांना

मोठी काकू: शांतपणे गेले गं. त्या पिक्चरमधली बाई म्हणते तसं, त्यातले पहिले

पिंकीताई (पुणे): काकू तू तर मधूनच उठून गेली होतीस ना

मोठी काकू: दारात उभी होते. ऐकू येत होतं सगळं

बेबी आत्या: आत्ता बोलले बंड्याशी. बराच वेळ. पिंकी तुला रात्री करते. मला कोणी हे पाच वाजताचं पुसायचं वगैरे सांगितलंच नव्हतं

आई: तुम्ही विषयच काढू द्यायचा नाहीत हो. कोणी झोपाळा म्हटलं की उठून आत

विकीदादा: मग त्या फर्निचरवाल्याला काय सांगू आत्या?

बेबी आत्या: काही सांगू नकोस. सोनू, ती चादर काढ आज. रविवारी मी येतेय, येताना शेवउसळ आणते सगळ्यांना. काल तो करकरत होता फार, त्या आवाजानंच माझं काळीज गेलं, कड्यांना तेल घाल

सोनू: काढली आत्या. धूळ जाम आहे. डाग तसाच आहे, पुसत नाहीये तो. खोबरेल घालू का कड्यांना?

छोटू: मी बसू का??

बेबी आत्या: बस. डाव्या बाजूला बस

आई: खोबरेल नको रे, मुंग्या येतील. शिवणमशीनच्या खालच्या ड्रॉवरमधे मशीनच्या तेलाची डबी आहे, लाल झाकणाची, ती घे आणि खाली पेपर अंथर आधी