दोन हजार माणसं, पण कुठली?

काही जण म्हणतात की बाजार समितीच्या दारात दोन हजार शेतकऱ्यांना पाण्याबद्दल विचारलं की जळगाव जिल्ह्याचं चित्र कळेल. मला हे पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण भात सगळीकडे सारखा शिजला असेल तरच. रावेर-यावलला केळीच्या बागा, पारोळ्याकडे कोरडवाहू कापूस. म्हणून आधी गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून त्याच्या हिश्शाएवढी नावं चिठ्ठ्या टाकून काढायची.

नुसता आकडा मोठा असून भागत नाही. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घ्यायला लोकांना सुमारे १ कोटी नमुना मतपत्रिका पाठवल्या, जवळपास २४ लाख परत आल्या, आणि त्यांवरून उमेदवार लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने सांगितलं. जिंकले त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत! पत्ते बरेचसे टेलिफोन आणि मोटारमालकांच्या याद्यांतले, म्हणजे मंदीतही बऱ्या स्थितीतल्या लोकांचे. शिवाय तीन-चतुर्थांश लोकांनी उत्तरच दिलं नाही.

मी स्वतः गावात प्रश्नावली घेऊन फिरलोय. दर विसावं घर घ्यायचं ठरलेलं. कुलूप दिसलं की शेजारच्या ओट्यावर बसलेल्या बाबांनाच विचारून मोकळं व्हावंसं वाटतं, आणि घोळ होतो तो इथेच. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी कुलूप असतं ते मजुरीला गेलेल्यांच्या दाराला. ते घर गाळलं की मजूरच यादीतून गळतात. त्याच घरी संध्याकाळी परत जा, चूल पेटल्यावर.