मदत हवी आहे: चालू जॉइंट बॉक्समध्ये नवीन केबल घ्यायचीय, लाईन न पाडता

होटगीरोड_फायबर | दुपारी ३:४०
अर्जंट आहे. होटगी रोडला पोलवर आमच्या फायबर इंटरनेटचा जॉइंट बॉक्स आहे, आतलं सगळं चालू. त्यात नवीन १२ कोअर (काचेचे धागे) केबल घ्यायची आणि ४ कोअर जॉइंट मारायचे. आज रात्रीच. जॉइंटचं मशीन आहे, कोअर कापायचा क्लीव्हर आहे, पोरगा आहे. विचारायचं एवढंच की बॉक्स उघडल्यावर चालू लाईनी पडू नयेत म्हणून काय करता? मागं एका दुसऱ्या टीमनं हाच बॉक्स उघडला, अर्ध्या गल्लीच्या ओएनयूवर (ग्राहकाच्या घरचा डबा) लाल दिवा, आणि रात्रभर फोन मला. "जपून करा" असलं उत्तर नको, ते मला पण माहीत आहे.

सात_रस्ता | ३:५२
बॉक्स कुठला, मालक? डोम (उभा, घुमटासारखा) का आडवा? पोर्ट मोकळा आहे का?

होटगीरोड_फायबर | ३:५५
काळा, नेहमीचा.

सात_रस्ता | ३:५८
नेहमीचा म्हणजे काय बे. पोर्ट हीट श्रिंकचा (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचा) आहे का रबर गाळ्याचा, यावर सगळं अवलंबून. रबराचा असेल तर डमी प्लग काढला की झालं. श्रिंकचा असेल तर बंद पोर्टचं टोक करवतीनं कापायला लागतं, आणि लाईन पडते ती तिथंच. जॉइंट मारताना नाही.

कपलर_किंग | ४:०६
उघडूच नका. मी असले बॉक्स उघडणं सोडलंय. त्याच केबलवर एक पोल अलीकडे नवीन बॉक्स लावायचा आणि तिथून फाटा काढायचा. जुन्याला हात नाही, तर लाईन पडायचा प्रश्न नाही.

सात_रस्ता | ४:११
आणि नवीन बॉक्समध्ये केबल शिरणार कशी? चालू केबल कापून?

कपलर_किंग | ४:१५
कापायची कशाला. मधूनच जॅकेट उभं चिरायचं, चालू ट्यूब (आतल्या कोअरच्या नळ्या) तशाच लूपमध्ये ठेवायच्या, मोकळी ट्यूब तेवढी कापायची. कुमठा नाक्याला असाच मारलाय, एक फोन आला नाही.

सात_रस्ता | ४:१९
तणावात असलेल्या पोलवरच्या केबलचं जॅकेट ब्लेडनं चिरणार आणि वर म्हणणार धोका नाही. ब्लेड एकदा आत घसरलं की सहाच्या सहा कोअर गेले. त्यापेक्षा आहे तोच बॉक्स उघडलेला बरा.

जुळे_सोलापूरकर | ४:२४
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे १०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, पण बेडरूममध्ये मोबाईलवर स्पीड २० च्या वर जाईना. फायबर बदलून घ्यावं का?

शेळगीचा_पंक्या | ४:२७
@जुळे_सोलापूरकर फायबरचा संबंध नाही. मोबाईल २.४ वर लागलाय, ५ गिगाहर्ट्झला जोडा. तरी होईना तर राऊटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवा.

होटगीरोड_फायबर | ४:३१
कृपया मुद्द्यावर. पोलवर जाऊन बघून आलो. डोम आहे. खाली एक लंबगोल पोर्ट, चार गोल. लंबगोलमधून २४ कोअर केबल आत जाऊन परत बाहेर येते. तीन गोल भरलेत, चौथा बंद आहे. श्रिंकचे.

जुना_जॉइंटर | ५:०२
आता कुठे माहिती मिळाली. मी टेलिफोन खात्यात होतो, निवृत्त आहे, तरी सांगतो. पण आधी ही उत्तरं द्या:

ट्यूब किती, आणि एका ट्यूबमध्ये कोअर किती? बॉक्समध्ये स्प्लिटर (एका कोअरचा प्रकाश अनेकांत वाटणारा) आहे का? केबल टीव्हीचा कोअर यातूनच जातो का? पोलवर लूप किती ठेवलाय, बॉक्स खाली टेबलापर्यंत येतो का? आणि ज्या ४ कोअरना जोडणार ते मोकळे आहेत हे कशावरून?

होटगीरोड_फायबर | ५:१०
४ ट्यूब, प्रत्येकी ६. एक १:८ स्प्लिटर आहे. टीव्हीचा एक कोअर आहे, निळी ट्यूब निळा. लूप बराच आहे, बॉक्स खाली येतो. मोकळे कोअर: तपकिरी ट्यूबमधले हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा. रजिस्टरमध्ये मोकळे लिहिलेत.

जुना_जॉइंटर | ५:४५
रजिस्टर बाजूला ठेवा. ते लिहिलं त्या दिवशी खरं असतं.

आता क्रम सांगतो. बॉक्सला हात लावायच्या आधी ओएलटीवरून (ऑफिसातलं मुख्य मशीन) त्या पोर्टवरच्या सगळ्या ओएनयूची प्रकाशाची पॉवर काढून फोटो मारून ठेवा, दोन्ही बाजूंची: ओएनयूला किती पोचतं आणि ओएलटीला परत किती येतं. नंतर कोणी म्हणालं "तुम्ही उघडलं म्हणून बंद पडलं", तर हाच कागद कामाला येतो. बी प्लस दर्जाच्या ऑप्टिकला ओएनयूची मर्यादा मायनस २७ डीबीएम धरतात, त्याखाली गेलं की लाईन पडते. जो ग्राहक आत्ताच मायनस २६ वर बसलाय तो आतला कोअरचा ट्रे नुसता उचलला तरी पडेल. त्याचं नाव आधीच माहीत असू द्या.

दुसरं, नवीन केबलची सगळी तयारी बॉक्सच्या बाहेर. जॅकेट सोला, जेली पुसा, मधला एफआरपी (फायबरग्लासची कडक काडी) लागेल तेवढाच ठेवून कापा, ट्यूब मोकळ्या करा, नंबर लावा. बॉक्स उघडा राहण्याचा वेळ जितका कमी तितकं बरं. सोलापूरच्या वाऱ्यात धूळ किती असते ते तुम्हाला सांगायला नको.

तिसरं पोर्ट. डोम टेबलाला पट्ट्यानं आवळून बांधा, पोर्टचं तोंड खाली. टोक बारीक दाताच्या करवतीनं हळूहळू कापा, हात दाबू नका. भुसा खाली पडला पाहिजे, ट्रेकडे जाता कामा नये. कापताना जो थरथराट होतो तो थेट ट्रेपर्यंत जातो, म्हणून कापायच्या आधी ट्रेला हातच लावू नका, बंद आहेत तसे राहू द्या. नवीन केबलच्या जॅकेटवर पॉलिश पेपर मारा, स्पिरिटनं पुसा, जिथं श्रिंक संपणार तिथं ॲल्युमिनियम टेप. आत एफआरपी स्क्रूखाली घट्ट धरा, नाहीतर उन्हाळ्यात केबल सरकते आणि ट्यूब ट्रेमधून ओढली जाते.

चौथं, टीव्हीचा कोअर. तिथं १५५० नॅनोमीटरवर ईडीएफएची (प्रकाश वाढवणारा ॲम्प्लिफायर) मोठी पॉवर असते. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. तुटलेल्या टोकात डोकावून "लाईट येते का" बघणारी पोरं मी पाहिलीत. आपल्या पोराला बजावून ठेवा.

कपलर_किंग | ५:५२
एवढं करण्यापेक्षा माझी पद्धत सोपी होती.

जुना_जॉइंटर | ५:५८
तुमची पद्धत चुकीची नाही, पण ती जमिनीवर लूप उतरवून करायची असते. आणि तिथंही ट्यूब शेव्हर लागतो, दाढीचं ब्लेड नाही.

जाता जाता. टेलिफोनच्या तांब्याच्या केबलला जोडीतल्या एका तारेला पाच रंग, दुसरीला पाच: निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, आणि पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. फायबरचे पहिले दहा रंग ओळीनं हेच आहेत, पुढं गुलाबी आणि आकाशी जोडलाय. आम्हाला फायबरवर आणलं तेव्हा रंग पाठ करायला वेळ लागला नाही. शेकडो पेअरचा जॉइंट मारताना मात्र पाऊस आला की...

शेळगीचा_पंक्या | ६:०४
काका, त्यात शेंगाचटणी भाकरीचा डबा पण खड्ड्यातच खायचे का?

जुना_जॉइंटर | ६:०६
व्हय. आणि डब्यावर मेण सांडायचं.

कायदा_बघा | ६:२०
पोल कुणाचा आहे? परवानगी आहे का? १ जानेवारी २०२५ पासून राईट ऑफ वेचे (केबल, पोल टाकायच्या परवानगीचे) नवे नियम लागू आहेत.

सात_रस्ता | ६:२३
इथं माणूस रात्री पोलवर चढायलाय आणि तुम्हाला नियम सुचायलेत. वेगळा धागा काढा ना.

कायदा_बघा | ६:२५
चढायच्या आधीच सांगावं लागतं. विजेच्या पोलवर असेल तर जिवाचा प्रश्न आहे.

होटगीरोड_फायबर | ६:३०
पोल आमचाच आहे, विजेचा नाही. कोअर मोकळे आहेत का ते बघायला लाल लाईट मारू का?

सात_रस्ता | ६:३४
लाल लाईट मारायला टोक लागतं. टोक काढायचं म्हणजे कुठंतरी कनेक्टर सोडायचा, आणि कोअर चालू निघाला तर सोडल्या क्षणी कुणीतरी बंद. फायबर आयडेंटिफायर आणा, कोअर नुसता चिमटीत धरतो आणि आत लाईट चालू आहे का सांगतो. पण तो पण कोअर वाकवूनच बघतो, थोडा लॉस देतो. चालू माहीत असलेल्या कोअरवर गंमत म्हणून लावत बसू नका.

होटगीरोड_फायबर | रात्री १२:५०
बॉक्स खाली घेतला. रीडिंगचे फोटो काढले. सगळ्यात वाईट मायनस २४.८, बाकी २० ते २२. पोर्ट कापला, केबल आत घेतली, एक पण लाईन पडली नाही. पण आयडेंटिफायर लावला तर तपकिरी ट्यूबमधला राखाडी चालू दाखवतोय. रजिस्टरमध्ये मोकळा. आमच्या ओएलटीवर तर असला कुठला पोर्टच नाही. कापू का?

सात_रस्ता | १२:५३
कापू नकोस बे!

जुना_जॉइंटर | १२:५८
जागाच आहे. ओएलटीवर नाही आणि लाईट आहे, म्हणजे दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर लॅनला जोडणारा डबा) लावून थेट लिंक चालवलेली असणार. अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे टॉवेलवाल्यांची दोन युनिटं अशीच जोडलेली असतात, गोडाऊन आणि ऑफिस. कुणीतरी तोंडी सांगून कोअर दिलेला असतो आणि रजिस्टरला चढवत नाही. सोडून द्या. तीन मारा.

होटगीरोड_फायबर | पहाटे २:३५
तीन मारले. मशीन ०.०१, ०.०२, ०.०२ डीबी लॉस दाखवतंय. ट्रे बसवले, झाकण लावलं. आता तो मायनस २१.२ वाला एक ग्राहक २५.३ वर गेलाय. मी त्याच्या कोअरला हात पण लावला नाही!

सात_रस्ता | २:३९
ओएलटीला त्याचं परत येणारं किती? आधीच्या फोटोशी मिळवून बघ.

होटगीरोड_फायबर | २:४४
तिकडं फरक एकाच डीबीचा आहे.

जुना_जॉइंटर | २:४९
मग कोअर कुठंतरी वाकलाय. जॉइंट बिघडला असता तर दोन्ही दिशांना जवळपास सारखंच पडलं असतं. ग्राहकाकडे खाली येणारं १४९० नॅनोमीटर आहे, वर जाणारं १३१०. बाक पडला की लांब तरंगलांबीला जास्त मार बसतो, म्हणून १४९० चं चार डीबी गेलं आणि १३१० चं एकच. ट्रे बंद करताना ट्यूब बिजागरीत आली असेल किंवा टाय जास्त आवळला असेल. स्प्लिटरच्या आउटपुटचा कोअर शोधा, कुठं ३० मिमी त्रिज्येपेक्षा बारीक वळलाय बघा. वळण सैल करा, कोअर ओढू नका.

होटगीरोड_फायबर | ३:१०
सापडलं. वरच्या ट्रेचं झाकण लावताना स्प्लिटरची एक पिगटेल (आउटपुटचा कोअर) खुंटीच्या बाहेर आली होती आणि झाकणाच्या कडेला चिमटली होती. आत ढकलली. २१.३. बाकी सगळे ०.२ च्या आत.

कपलर_किंग | ३:१२
जागेच आहात सगळे? माझ्या पद्धतीनं केलं असतं तर १२ वाजता झोपला असता.

सात_रस्ता | ३:१४
गप बे. @होटगीरोड_फायबर नवीन केबलचे उरलेले ९ कोअर कापले का ठेवले?

होटगीरोड_फायबर | ३:१७
ठेवले, टोपी घालून खालच्या ट्रेमध्ये. राखाडीला पण चिठ्ठी लावली, "चालू, हात लावू नये".

जुना_जॉइंटर | ३:२०
झाकणाच्या ओ-रिंगवर धुळीचा कण राहिला नाही ना, ते बोट फिरवून बघा. सिलिकॉन ग्रीस पातळ लावा. श्रिंक पूर्ण गार झाल्याशिवाय बॉक्स वर चढवू नका, गरम असताना केबल हलली की सील फाटतं आणि ते पावसाळ्यात कळतं.

होटगीरोड_फायबर | ३:२२
चहा प्यायला बसलोय, तोवर गार होईल. चौथ्या कोअरचं काय करायचं ते उद्या ऑफिसात बसून बघतो.

नवा_टेक्निशियन | सकाळी ९:०५
जॉइंट मशीन कुठलं वापरता? सेकंड हँड घ्यावं का?

शेळगीचा_पंक्या | ९:११
नवीन धागा काढ भाऊ. आणि घेण्याआधी विकणाऱ्याला इलेक्ट्रोड कधी बदललेत ते विचार.