स्वतः रचलेल्या जगातल्या भाषांचा पसारा कसा आवरू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण दर रविवारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळतो. यंदा डीएमची, म्हणजे गोष्ट आणि जग चालवणाऱ्याची, पाळी माझी. आयतं जग नको, आपलंच रचू, अशी खुमखुमी आली आणि भाषांपाशी येऊन अडकलोय.

खेळाच्या २०१४च्या पाचव्या आवृत्तीत ८ नेहमीच्या आणि ८ दुर्मीळ भाषा आहेत. त्या बाजूला सारल्या. एक बंदर, घाटमाथ्यावरचं राज्य, खिंडी राखणारे बुटके, एवढं काढून प्रत्येकाला एकेक भाषा दिली. मग तिची बोली, तिचं जुनं रूप, पुरोहितांची निराळी... आज एक्सेलमध्ये २३ ओळी आहेत. त्यातल्या १४ भाषांत अजून एक वाक्यही कुणी बोललेलं नाही!

खरी फजिती मागच्या महिन्यात झाली. पुढच्या मोहिमेचा सगळा सुगावा एका ताम्रपटावर होता आणि तो मी मोठ्या हौसेनं एका मृत भाषेत कोरला. चौघांपैकी कुणालाच ती येत नव्हती. दीड तास नुसती भेळ खाणं चाललं होतं. शेवटी मीच एक म्हातारा पुजारी पाठवून मजकूर वाचून घेतला. उलट बाजारात शिरलं की सगळे ‘कॉमन’मध्ये (खेळातल्या सामाईक भाषेत) बोलतात, मग बाकीच्या भाषा हव्यात कशाला?

नियमात भाषा एकतर येते, नाहीतर येत नाही. मला कोकणी ऐकून निम्मीअधिक कळते, गुजराती पाटी अंदाजानं वाचता येते. हे मधलं काही खेळात आणायचं कसं? (खेळातल्या ‘प्रायमॉर्डियल’ भाषेच्या चार बोली बोलणाऱ्यांना एकमेकांचं कळतं, एवढीच काय ती सोय सापडली.) आणि वहीत मांडू कसं, भाषेवार की प्रदेशवार? व्याकरण रचायला कृपया सांगू नका, तेवढा दम नाही.

प्रतिसाद १

भाषेवारही नको, प्रदेशवारही नको. कोण कुणाशी कशासाठी बोलतो, तसं मांडा: बाजार, दरबार, देऊळ, घर. ज्या भाषेला यातली एकही जागा मिळत नाही ती खुशाल खोडा.

लिपीला मात्र स्वतंत्र रकाना द्या. अस्खलित मराठी बोलणाऱ्यापुढे मोडीतला कागद ठेवला तर तो ठार निरक्षर ठरतो. कोकणीचं आणखी वेगळं, ती देवनागरी, रोमन, कन्नड अशा कितीतरी लिप्यांत लिहिली जाते. म्हणजे दोन मावसभाऊ तासभर गप्पा मारतील, पण एकाचं पत्र दुसऱ्याला वाचता येईलच असं नाही.

तुमचा ताम्रपट ओळखीच्या भाषेत पण अनोळखी लिपीत हवा होता. मग खेळाडूंना वाचून दाखवणारा कारकून शोधावा लागला असता, आणि वाचता वाचता गुपित त्यालाही कळलं असतं. त्याचं तोंड कसं बंद ठेवायचं, यातच अख्खा रविवार गेला असता.

प्रतिसाद २

मी तीन पायऱ्या ठेवतो: कळते, मोडकीतोडकी बोलता येते, सफाईनं येते. ‘कळते’वाल्याला मी प्रत्येक वाक्यातले दोनच शब्द सांगतो, बाकी त्यानं ताडायचं. चुकीचं ताडलं तर फारच धमाल. त्या भाषेच्या नात्यातली दुसरी भाषा येत असेल तर पहिली पायरी फुकट.

शिवाय गुप्त खुणांसाठी नवी भाषा लागत नाही. गुरांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आमच्या चोराला मी तेच दिलंय. लहानपणीची च-ची भाषासुद्धा चालते. ‘चलातु चतंयये का?’ एवढं कुजबुजलं तरी टेबल हसतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कारकुनाचं वाचून कपाळावर हात मारला. चार जागांचा तक्ता करून पाहिला, २३ वरून ७ भाषांवर आलोय. बुटक्यांची भाषा खोडवेना, पण तिला फक्त ‘घर’ मिळालंय. तीन पायऱ्या येत्या रविवारी लावून बघतो.

आता एक उपप्रश्न. नकाशावर देवगिरी-दौलताबादसारखी एकाच किल्ल्याची दोन नावं ठेवायची आहेत, जुनं घाटावरच्या भाषेतलं आणि नवं जिंकणाऱ्यांच्या भाषेतलं. खेळाडूंना दोन्ही आधीच सांगू, की ते दोन वेगळे किल्ले समजून भटकू देत?