प्रति: जुलैत आईबाबांना घेऊन फुकेत
आईबाबांना घेऊन जुलैत थायलंडमधल्या फुकेत बेटावर जाताना काय काळजी घ्यायची, असं विचारलंय ना; व्हिसा आणि हॉटेलबद्दल बाकी सगळ्यांनी लिहिलंच आहे, पण जुलैत जाताय तर आधी समुद्राचं बघा. मे ते ऑक्टोबर तिकडे पावसाळा, पाटोंग, काटा या किनाऱ्यांवर लाल झेंडा लागला असेल तर गुडघाभर पाण्यातही उतरू नका, पाणी आत ओढतं, आणि ओढलंच तर किनाऱ्याकडे झगडत न येता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघायचं. तिकीट काढलं नसेल तर सरळ थायलंडचंच दुसरं बेट, को सामुई करा ना, तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. टीडीएसी, म्हणजे थायलंडमध्ये शिरताना लागणारा डिजिटल अरायव्हल फॉर्म, पोचण्याआधीच्या ३ दिवसांत ऑनलाइन भरायचा, फुकट असतो, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. ऑक्सिबेन्झोनवालं (हे प्रवाळांना घातक रसायन) सनस्क्रीन नको, तिथल्या मरीन पार्कांत, म्हणजे समुद्री राष्ट्रीय उद्यानांत, २०२१पासून बंदी आहे. आणि आईबाबांच्या गोळ्या हँडबॅगेतच ठेवा, प्रिस्क्रिप्शनसकट.